झाडू रविवारचा आणि सोमवारचा

रविवारी सकाळी चार मंडळींनी जमून मैदान, तळ्याचा काठ किंवा समुद्रकिनारा झाडून काढावा, ही गोष्ट आता बेळगावापासून पणजीपर्यंत नवलाईची राहिलेली नाही. असे करणाऱ्यांचे कौतुक व्हावे, हे योग्यच. परंतु या कामाची एक थोर परंपरा बेळगावच्या टिळकवाडीत आहे, आणि तिचा अर्थ मात्र आपण विसरत चाललो आहोत.

१९०१ साली गांधीजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनास गेले तेव्हा तेथील शौचकूपांची दुर्गंधी असह्य होती. त्यांनी स्वयंसेवकांस ती दाखविली. हे आमचे काम नव्हे, सफाई करणाऱ्यांचे, असे उत्तर मिळाले. अखेर झाडू मागून घेऊन गांधीजींनी एक शौचकूप स्वतः साफ केला. पुढे तेवीस वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, त्यांच्याच अध्यक्षतेखाली बेळगावचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीत 'विजयनगर' नावाची छावणी उभी राहिली. तिच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही तेथे आहे. छावणीच्या सफाईचे काम अंगावर घेतले ते काका कालेलकरांनी. सावंतवाडीकडील कालेली हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव, हे कोकणच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्यांच्या पथकात ब्राह्मण तरुण मोठ्या संख्येने होते, आणि जे काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या माथी मारले गेले होते ते त्यांनी आपल्या हातांनी केले.

तेथे केवळ जागा स्वच्छ करावयाची नव्हती. घाण करणारा एक आणि उपसणारा दुसरा, ही वाटणीच मोडावयाची होती. ती मोडली आहे काय? रविवारी कागद वेचणाऱ्या नागरिकाचे छायाचित्र छापून येते. सोमवारी पहाटे त्याच रस्त्यावर झाडू घेऊन उतरणाऱ्या पौरकार्मिकाचे नावदेखील आपणांस ठाऊक नसते. त्याला हातमोजे मिळतात की नाही, पगार वेळेवर होतो की नाही, याची चौकशी करणारा स्वयंसेवक विरळाच. आणि कोणी तरी रविवारी उचलणारच आहे, अशी खात्री पटलेला गृहस्थ शनिवारी निर्धास्तपणे पत्रावळी टाकून जातो, तो निराळाच!

कायद्यांची वाण नाही. कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे. एकदा वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. पण पिशवी विकणाऱ्या दुकानात जाऊन प्रश्न विचारणे हे ती गवतातून वेचण्यापेक्षा अवघड. तेथे ओळखीपाळखी आड येतात.

शिवाय भरलेले पोते जाते कोठे? बेळगावचा कचरा तुरमुरीला जातो. म्हणजे टिळकवाडी स्वच्छ होते ती दुसऱ्या एका गावाच्या शिवारात ढीग चढवून. तुरमुरीवरून जाणारा हाच रस्ता पुढे वेंगुर्ल्यास पोहोचतो, आणि त्या लहानशा नगरपरिषदेने आपल्या कचरा डेपोचा असा कायापालट केला की लोक तो पाहावयास जाऊ लागले. तेथे घरोघरी कचरा वेगळा करून घेतला गेला, ओल्यापासून गॅस तयार झाला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत गेला. टिळकवाडीच्या स्वयंसेवकांनी एखादा रविवार झाडू बाजूस ठेवून आपल्याच गल्लीतील बिऱ्हाडांची दारे ठोठवावीत, ओले-सुके वेगळे मागावे, आणि ते घंटागाडीत पुन्हा एकत्र ओतले जात नाही ना, हे महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांसमक्ष पाहावे.