कुलूप तेच, किल्ली नवी

शहापूरकडे आसनगाव किंवा वासिंदच्या नव्या इमारतीत घर घेतले की बिल्डर मुख्य दाराच्या किल्ल्यांचा जुडगा हाती ठेवतो. त्याआधी त्या किल्ल्या सुतार, रंगारी, फरशीवाला, वायरमन, साइटवरचा सुपरवायझर आणि दलाल अशा कितीतरी हातांतून फिरलेल्या असतात. मुरबाडकडे टोकावडे, सरळगाव, धसईच्या बाजूला बांधलेल्या फार्महाऊसची तऱ्हा निराळी. तिथे मालक शनिवार-रविवारी येतो, एरवी सगळे राखणदाराच्या हवाली. राखणदार बदलला तर तो किल्ली परत देतो. मधल्या काळात तिची नक्कल निघाली की नाही, ते कळायला मार्ग नसतो.

अशा वेळी लोक एकतर डोळेझाक करतात, नाहीतर आख्खे कुलूप बदलतात. कुलूप तेच ठेवून आतली रचना बदलायची, म्हणजे जुनी किल्ली निकामी आणि नवी लागू, हा तिसरा मार्ग आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात भाडेकरू बदलल्यापासून सात दिवसांच्या आत घरमालकाने स्वतःच्या खर्चाने हे काम केलेच पाहिजे, असा कायदा आहे. आपल्याकडे असे बंधन नाही. मात्र नकली किल्लीने चोरी झाली तर फटका दुहेरी बसू शकतो. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या 2004 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरफोडीच्या विम्याची अट जशीच्या तशी धरली: बळाचा वापर करून प्रवेश झाला नसेल, तर त्या पॉलिसीखाली भरपाई मिळत नाही. दार शाबूत, कुलूप शाबूत आणि कपाट रिकामे, अशी चोरी विम्यातून निसटू शकते ती यामुळेच.

स्वतः हात घालण्यापूर्वी आपले कुलूप कोणत्या जातीचे आहे, हे ओळखायला हवे.

कडी-कोयंड्याला लटकणारे आपले ओळखीचे कुलूप बहुधा लिव्हरचे असते. आत पितळी किंवा लोखंडी पट्ट्यांची चळत असते. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो आणि सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की कडी सुटते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने 1778 मध्ये या रचनेत मोठी सुधारणा केली. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, आणि त्या घराण्याचे ‘नवताल’ 1954 पासून गावोगावच्या दारांवर आहे. ते सहा, सात आणि आठ लिव्हरचे मिळते. स्वतः किल्ली बदलू पाहणाऱ्याला मात्र या जातीचा उपयोग नाही. असे कुलूप रिव्हेट ठोकून कायमचे बंद केलेले असते. ते खोलले की मोडले. इथे सरळ नवे कुलूप आणावे.

घराच्या नव्या दारांत बसवलेली सिलिंडरची कुलपे दुसऱ्या जातीची. त्यांचा जन्म इजिप्तमधल्या प्राचीन लाकडी खुंट्यांच्या कुलपात शोधला जातो. आजचे चपट्या किल्लीचे रूप अमेरिकेतील लायनस येल धाकटे यांनी 1860 च्या दशकात दिले. सिलिंडरच्या पोटात एक फिरणारा गाभा असतो. त्यावर ओळीने बहुधा पाच किंवा सहा भोके, आणि प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी पिन, सर्वांत वर स्प्रिंग. खालच्या पिना वेगवेगळ्या लांबीच्या असतात. योग्य किल्ली आत गेली की दोन्ही पिनांमधला सांधा प्रत्येक भोकात बरोबर गाभ्याच्या कडेवर येतो आणि गाभा फिरतो. एकही सांधा वर-खाली राहिला तर तो अडतो. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा लांब्या धरल्या, तर कागदावर 7,776 वेगवेगळ्या किल्ल्या होतात. म्हणजे खालच्या पिना बदलल्या, किंवा नुसता त्यांचा क्रम बदलला, तरी जुनी किल्ली परकी होते.

सर्वांत सोपा उपाय तर पिनांपर्यंत जातच नाही. दाराच्या कडेवरच्या धातूच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या समोर, एक लांब स्क्रू असतो. तो काढावा. किल्ली घालून किंचित फिरवावी, म्हणजे सिलिंडरची बाहेर आलेली जीभ त्याच्या अंगाबरोबर येते आणि सिलिंडर हाताने ओढून निघतो. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि त्याच मापाचा नवा सिलिंडर आणावा. तो बाहेरच्या पट्टीच्या दोन-तीन मिलिमीटरपेक्षा पुढे आला, तर पकडीत धरून मोडता येतो, म्हणून मापात हयगय नको. एका स्क्रू ड्रायव्हरचे हे काम. कुलपाचा डबा, हँडल, दार, कशालाही धक्का लागत नाही. नवा सिलिंडर आधी दार उघडे ठेवून दोन्ही बाजूंनी चालवून पाहावा. बंद दारात प्रयोग केला तर कुटुंबासकट बाहेर राहण्याची पाळी येते.

ज्यांना खोलात जायचे आहे, त्यांनी पिना बदलाव्यात. गाभ्याच्या टोकाची बारीक चकतीसारखी क्लिप काढायची, किल्ली घालून गाभा थोडा फिरवायचा आणि तो बाहेर सरकवताना मागून नेमक्या त्याच जाडीचा गुळगुळीत लाकडी दांडा आत ढकलत न्यायचा. दांडा आणि गाभा यांच्यात फट पडली की वरच्या पिना आणि स्प्रिंगा उडून घरभर होतात. गाभा हातात आला की खालच्या पिना बाहेर पाडाव्यात, नवी किल्ली घालावी, तिला जुळणाऱ्या पिना भोकांत टाकाव्यात आणि प्रत्येक पिनेचे डोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट बसते का, ते बोटाने चाचपावे. सुट्या पिनांचे संच साध्या हार्डवेअर दुकानात सहसा मिळत नाहीत. त्यामुळे असलेल्या पिनांची अदलाबदल करून, तो गाभा किल्लीवाल्याकडे नेऊन नव्या क्रमाची किल्ली कानशीने घासून घेणे, हा व्यवहारी तोडगा. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या सिलिंडरमध्ये हेच काम दोनदा करावे लागते. सगळे सामान पांढऱ्या ताटात किंवा ट्रेमध्ये काढावे. हरवलेली एक स्प्रिंग सगळे काम अडवते.

मोटारीचे कुलूप तिसऱ्या जातीचे. त्यात पिनांऐवजी पितळेच्या पातळ चकत्या असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्यावर अंकही ठोकलेले असतात. दाराचे आतले आवरण काढून कुलपाचा गाभा सोडवता येतो आणि चकत्यांचा क्रम बदलता येतो. पण मग दाराची किल्ली एक आणि स्टिअरिंगची दुसरी, अशी अवस्था होते. स्टिअरिंगचे कुलूप मुद्दामच असे बसवतात की आवळताना बोल्टांची डोकी तुटून पडावीत, म्हणजे चोराला ते खोलता येऊ नये. शेजारीच एअरबॅग असते. घरच्या पान्या-पक्कडीचे हे काम नव्हे.

शिवाय आजच्या बहुतेक मोटारींची खरी किल्ली धातूत नसून तिच्या डोक्यातल्या चिपमध्ये असते. चिप ओळखीची नसेल तर इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुतीच्या गाड्यांत तो ‘आयकॅट्स’ या नावाने आला. किल्ली हरवली तर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन ती गाडीच्या स्मरणातून पुसून घ्यावी. जाताना उरलेल्या सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात. मग सापडलेल्या किल्लीने कोणी दार उघडले, तरी गाडी नेऊ शकणार नाही. आधी पोलीस ठाण्यात गहाळ नोंद करावी, कारण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात.

मुरबाडला रेल्वे नाही आणि शहापूरचे पाडे स्टेशनपासून लांब, त्यामुळे इकडे मोटारीपेक्षा दुचाकीचाच प्रश्न अधिक. त्याचे उत्तर स्वस्त आहे. इग्निशन, पेट्रोलची टाकी आणि सीट यांचा एकाच किल्लीचा ‘लॉक सेट’ सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, आणि पुष्कळ साध्या मोटारसायकलींवर तो दोन-तीन पाने वापरून बसतो.

या भागात कुलपाला चोराइतकाच पाऊस वैरी. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या फार्महाऊसचे कुलूप दिवाळीला उघडत नाही, तेव्हा खोबरेल किंवा रॉकेल ओतले जाते. तेलाने धूळ धरते आणि सिलिंडरच्या पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड, ती नसेल तर मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासून ती चार वेळा आत-बाहेर करणे, हा बरा उपाय. बाहेर लटकणाऱ्या कुलपावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा किंवा प्लास्टिक बांधले की पाणी आत जात नाही.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे कारवीच्या कुडाच्या घराला कुलूप लावून निघतात, तिथे भिंतच कुलपापेक्षा कच्ची असते. पण पक्क्या बंगल्यांतही कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर उभा असलेला दिसतो. आरपार बोल्ट घालून आतून नट आवळले नाहीत, तर आठ लिव्हरच्या कुलपाचा उपयोग शून्य.

कायद्याचीही जाण हवी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीच्या व्याख्येत ‘कुलूप उघडून शिरणे’ हा प्रकार स्पष्ट नोंदलेला आहे. ते फोडलेच पाहिजे असे नाही. म्हणून प्रयोग फक्त स्वतःच्या मालकीच्या दारावर करावेत. भाड्याचे घर असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी आणि नव्या किल्लीची एक प्रत त्याला द्यावी. घर नुकतेच ताब्यात आले असेल, तर सामान लावण्याआधी मुख्य दाराचा सिलिंडर बदलून घ्या.