तांबी बसवल्यावर अंगावरून जास्त जातंय? काढण्याआधी हे वाचा

सरकारी दवाखान्यात तांबी, म्हणजे कॉपर-टी, फुकट बसवतात. ३८० ए ही तांबी १० वर्षं चालते, ३७५ ही ५ वर्षं. तरी काही बाया दोन-तीन महिन्यांतच ती काढून घेतात. मुख्य कारण म्हणजे पाळीत जास्त अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. हा त्रास खरा आहे, बाईचे नखरे नव्हेत. पण ३ ते ६ महिन्यांत तो बहुधा कमी होतो, तोवर दवाखान्यातून गोळ्या घेता येतात. हे बसवतानाच सांगायला पाहिजे, आणि नेमकं तेच राहून जातं.

तांबी काळजापर्यंत चढते ही मात्र नुसती अफवा. क्वचित ती आपोआप पडते, म्हणून पाळीनंतर दोरा हाताला लागतो का बघा. ताप आला, घाण वासाचं पाणी गेलं किंवा पाळी चुकली तर लगेच दाखवा.

आणि नकोच असेल तर? मुदत संपायची वाट बघू नका, कधीही काढून मागा. नवऱ्याची सही लागत नाही. घरी दोरा ओढायचा नाही, काढायचं काम नर्सबाईचं किंवा डॉक्टरचं. काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर दर ३ महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी विचारून घ्या.