लोणावळ्याचे तलाव आणि ज्वालामुखी

लोणावळ्याची सहल तुमच्यापैकी पुष्कळांनी केली असेल. वळवणचा तलाव, भुशी धरण, लोणावळ्याचे तळे ही ठिकाणे तुम्ही पाहिली असतील. भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचतो, की दख्खनचे पठार लाव्हारसाचे बनलेले आहे. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘गुरुजी, हे तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीची तोंडे का हो?’’

प्रश्न चांगला आहे. पण उत्तर ‘नाही’ असे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हारस उसळला तो बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. तो पाण्यासारखा पसरला, थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर खळगा असा प्रकार नव्हताच, तर तळे साचणार कशात? आपल्या राज्यातले लोणारचे गोल सरोवर पाहून पूर्वी काहींना ते ज्वालामुखीचे मुख वाटले होते. तेही उल्कापाताने पडलेले विवर निघाले!

मावळातले हे तलाव माणसाने बांधलेले आहेत. परंतु त्यांचा आकार आणि त्यांचे पाणी यांवर त्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, पुरी छाप आहे. कार्ल्याची किंवा भाज्याची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तोच हा खडक. त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे घाटमाथ्यावरची खोरी रुंद आणि सपाट तळाची दिसतात, आणि पश्चिमेकडे ती एकाएकी कड्यावर संपतात. कोकणातल्या नद्यांनी कडा खात खात मागे आणला आणि पूर्ववाहिनी खोऱ्यांची डोकीच छाटून टाकली. अशा रुंद खोऱ्याला अडवले, की पाणी दूरवर पसरते आणि टेकड्यांच्या मधल्या फटींत हाताच्या बोटांसारखे शिरते. वळवण किंवा ठोकळवाडीच्या तलावाचा नकाशा काढून पाहा.

आता पाणलोटाकडे वळू. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत वाहत एकाच तलावात येतो, ती त्या तलावाची पाणलोट जमीन. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला सातशेच्या आसपास. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? दहा लाख लिटर! एका दिवसात २०० मिलिमीटर पडला, तर वीस कोटी लिटर. कठीण बेसाल्टला पाणी शोषण्याची छिद्रे फारशी नसतात. ते मुरते ते भेगांत आणि वरच्या मुरुमात. भर पावसाळ्यात मुरुम भिजून भरला, की बाकीचे सारे पाणी खाली धावते. एवढा पाऊस पडूनही घाटमाथ्यावरच्या वाड्यांतल्या बायकांना वैशाखात हंडे घेऊन दूर का जावे लागते, ते यावरून कळेल.

लहान, चढाच्या आणि खडकाळ पाणलोटात पाणी फार लवकर खाली येते. तुम्ही उभे असता तेथे पाऊस थांबलेला असतो, पण वर डोंगरात कोसळत असतो. गुडघाभर ओढा काही मिनिटांत छातीपर्यंत येतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा येऊ लागला, आवाज वाढला, की फोटो राहू द्या. आधी काठावर या.

आता एक गंमत. येथला पाऊस इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचा. आगगाडीने १८६३ मध्ये बोरघाट चढला. पुढे भुशीचे पाणी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी अडवले. पण खरा बदल टाटांच्या योजनेने झाला. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे साठवलेले पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ठोकळवाडीचे पाणी बोगद्यातून भिवपुरीला १९२२ पासून जाऊ लागले.

पाणी पश्चिमेला का वळवले? हिशेब करा. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली पडले, तर १००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते, सुमारे १.३६ युनिट. (प्रत्यक्षात यंत्रांत थोडी वाया जाते.) पूर्वेला मात्र पुण्यापर्यंत सारा उतार साठ मीटरच्या आसपास, तोही साठ किलोमीटरवर पसरलेला.

पण वीज देऊन झालेले ते पाणी पुन्हा वर येत नाही. ते कोकणातून अरबी समुद्राला मिळते. कृष्णेचे पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाला म्हणूनच या वळवलेल्या पाण्याला मर्यादा घालावी लागली. वीज निरनिराळ्या तऱ्हांनी करता येते, तेव्हा हे पाणी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना द्या, अशी मागणी होत असते. उलट, खोपोलीहून सुटणाऱ्या पाण्यावर खालच्या गावांचीही तहान भागते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पुढच्या सहलीत खंडाळ्याच्या कड्याशी उभे राहा आणि पाहा, पायाशी पडलेला थेंब कोणत्या बाजूला निघतो ते.