मिसिंग मारणारी व्हॅन: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट

मारुतीची ओम्नी १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षं बनत होती, आणि २०१० च्या जानेवारीत तिच्या जोडीला ईको आली. दुधाचे कॅन, पावाचे ट्रे, केटरिंगची पातेली, शाळेची मुलं, कुठे कुठे रुग्णसुद्धा या दोन गाड्यांनी वाहिले. आज गावोगावी दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या ईको रोज पहाटे कामाला लागतात, आणि अशा गाडीची सगळ्यांत नेहमीची तक्रार असते, ‘गाडी मिसिंग मारते.’ ती सांगितली की बहुतेक ठिकाणी प्लग बदलले जातात. फरक पडला नाही तर कॉइल, मग इंजेक्टर, मग सेन्सर. चार फेऱ्या, चार दिवसांचा बुडालेला धंदा, आणि मिसिंग जिथल्या तिथे. पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. नेमका कुठला सिलिंडर आणि कुठल्या वेळी काम सोडतो, हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मिसिंग म्हणजे काय

ईकोच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. ते १-३-४-२ या क्रमाने पेट घेतात, आणि इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. गाडी उभी असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे पकडले, तर मिनिटाला १६०० स्फोट होतात. त्यांतला एक सिलिंडर गप्प झाला की दर चौथा ठोका रिकामा जातो. तो रिकामा ठोका सीटखाली थरथर म्हणून जाणवतो आणि सायलेन्सरमधून ‘फट्-फट्’ असा ऐकू येतो. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीनच सिलिंडरचं. तिथे एक गेला की तिसरा हिस्सा ताकदच जाते, चढ दिसला की कळतं.

पेट घ्यायला चार गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, मापात इंधन, मापात हवा, आणि ते मिश्रण दाबून धरणारा बंद सिलिंडर. मिसिंगचं प्रत्येक कारण या चारांपैकी एकात बसतं. जुनी गाडी अवघड वाटते ती दोन-दोन कारणं एकत्र नांदतात म्हणून.

एक खात्री आधी करून घ्या. क्लच चिकटत-सुटत असेल किंवा इंजिनाचं फाउंडेशन रबर बसलं असेल, तरी गाडी हादरते. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा आवाज एकसारखा, गोल येत असेल, तर दोष बहुधा इंजिनात नाही.

कधी होते, हे आधी लिहून काढा

निदानाचं निम्मं काम चालकाकडे असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. मिसिंग सकाळी थंड इंजिनाला होते की तापल्यावर? रिकाम्या गाडीत की माल भरून घाट चढताना? पेट्रोलवर, सीएनजीवर, की दोन्हींवर? फक्त पावसात? ही उत्तरं घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

उभ्या गाडीत ठीक, पण चौथ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला की झटके येतात, अशी तक्रार असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका तिथे हात टेकतो. याच्या उलट, उभ्या गाडीत थरथर आणि रेस दिली की सगळं सुरळीत, असं असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत जात असावी, किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसावा. फक्त सकाळी स्टार्टिंगला मिनिटभर मिसिंग, मागून पांढरा धूर आणि महिन्यातून दोनदा कूलंट भरावं लागणं, हे तिन्ही एकत्र आलं तर रात्रभरात हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय, असं समजावं. अशा गाडीत नवे प्लग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

गप्प बसलेला सिलिंडर कसा सापडतो

इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँक सेन्सरवरून फेऱ्यांचा वेग सतत मोजत असतो. एखाद्या पाळीला क्रँकला धक्का मिळाला नाही की तो वेग क्षणभर पडतो, आणि कॉम्प्युटर सिलिंडर नंबरासकट त्याची नोंद ठेवतो. स्कॅनर लावल्यावर पी-०३०१ दिसलं तर पहिला सिलिंडर, पी-०३०४ दिसलं तर चौथा. पी-०३०० म्हणजे कधी हा, कधी तो. मग एका प्लगच्या मागे न लागता सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: पेट्रोलचा दाब, चोरटी हवा, अर्थिंग.

स्कॅनर नसेल तरी अडत नाही. गाडी पेट्रोलवर उभी चालू ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून परत लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी हादरतं. ज्याचा काढल्यावर काहीच बदल होत नाही, तो आधीच गप्प आहे. ही चाचणी प्लगची वायर उपटून करायची सवय अनेकांना आहे, ती मोडायला हवी. वायर काढली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो, ते न जळता सायलेन्सरकडे जातं, आणि मोकळ्या वायरीतली हजारो व्होल्टची ठिणगी हाताला किंवा कॉम्प्युटरला बसते. या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलून वाकून काम करताना पेट्रोलचा वास आणि उघडी ठिणगी एकत्र येऊ देऊ नका.

काही इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते आणि ती दोघांनाही एकाच वेळी ठिणगी देते. तिथे १ आणि ४, किंवा २ आणि ३ अशी जोडी एकदम मरत असेल, तर प्लगकडे न बघता थेट त्या जोडीची कॉइल आणि तिचा कनेक्टर तपासा.

अदलाबदल, पण एका वेळी एकच

समजा तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय आणि प्रत्येकाला वेगळी कॉइल आहे. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्याला लावा, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि गाडी चालवून बघा. मिसिंग दुसऱ्यावर गेली तर कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिली तर तसंच प्लगचं करा, नंतर इंजेक्टरचं. एक रुपयाही न खर्चता तीन पार्ट तपासून होतात. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि काय हलवलं ते कागदावर लिहायचं. घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारली तरी कशाने, ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच खेळ पुन्हा.

प्लग काय सांगतो

प्लग थंड इंजिनावरच काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना जोर केला तर आटेच बाहेर येतात. त्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवून घ्या. सीटखालच्या इंजिनावर रस्त्याची माती भरपूर बसते, आणि प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

काढलेले प्लग नंबराप्रमाणे ओळीत मांडा. तपकिरी-राखाडी टोक निरोगी इंजिनाचं लक्षण. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे इंधन पोहोचलं, पण पेटलं नाही. तेलकट, काळा, जाड थर आला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. चारांपैकी एकाचंच टोक वाफेने धुतल्यासारखं लख्ख दिसत असेल तर तिथे पाणी जातंय. वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर ठिणगी खाली न जाता त्या रेघेवरून बाहेरूनच अर्थ होते. असा प्लग पुसून परत लावू नका, आणि त्याच्यावरच्या रबरी बुटातही तशीच रेघ आहे का ते बघा. एक नवा आणि दुसरा जुना ठेवला तर जुना नव्यालाही बिघडवतो.

गॅप फिलर गेजने मोजा, नजरेने नाही. गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा. सीएनजीवर धावणाऱ्या गाडीला बहुधा थोडा कमी गॅप सांगितलेला असतो, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच झटके मारते, त्यामागे कित्येकदा किट नसून थकलेला प्लग असतो.

पाऊस आणि उंदीर

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओल्या हवेने जुन्या वायरींची सालं उघडी पडतात. रात्री अंधारात सीट उचलून इंजिन चालू ठेवा. वायरींवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या की दोष सापडला. दुसरा शत्रू उंदीर. दोन दिवस उभ्या राहिलेल्या व्हॅनच्या इंजिनाची ऊब त्यांना आवडते, आणि भाजी किंवा धान्य वाहणाऱ्या गाडीत तर त्यांना जेवणही मिळतं. इंजेक्टरची कुरतडलेली वायर कधी टेकते, कधी सुटते, म्हणून मिसिंगही येते-जाते. नवी कॉइल घेण्याआधी वायरींवरून बोटं फिरवून बघणं फुकट आहे. तेवढ्यातच इंजिनापासून चॅसीला गेलेली अर्थिंगची पट्टीही घासून, घट्ट करून घ्या. गंजलेल्या अर्थिंगने चांगले चांगले सेन्सर खोटं बोलतात.

सीएनजी आणि टॅपेट

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक कामकरी व्हॅन सीएनजीवर धावतात, आणि त्यांच्या मिसिंगचं खरं कारण अनेकदा टॅपेटमध्ये असतं. गॅस कोरडा. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला जो थोडा ओलावा आणि थंडावा मिळतो, तो गॅसवर मिळत नाही. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून ती हळूहळू झिजवतो आणि तेवढा आत बसतो. आत बसला की त्याचं वरचं टोक रॉकरकडे सरकतं आणि मधली फट कमी होते. ही फट मुळातच मिलिमीटरच्या दशांशांत मोजायची. ती संपली की तापल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, सिलिंडर गळपटतो. पुढे उघड्या फटीतून ज्वाळा जाऊन व्हॉल्व्हची कडच जळते.

यात फसवणूक अशी की फट कमी झाली की टॅपेटचा टकटक आवाजही थांबतो. मालकाला वाटतं, इंजिन किती शांत झालं! टकटकणारा टॅपेट त्रासदायक असतो, पण गाडी मारत नाही. गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा आवाज अचानक सुधारला तर आनंद न मानता थंड इंजिनावर चारही सिलिंडरची फट मोजून घ्या. ज्या इंजिनात स्क्रूने सेटिंग होतं, तिथे हे काम एका सकाळचं आहे. वेळेत केलं तर हेड उतरवायची वेळ येत नाही.

सीएनजी गाडीची आणखी एक खोड म्हणजे पेट्रोल वापरात नसणं. टाकीत महिनोन्‌महिने तेच चार लिटर पडून राहतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. इंजेक्टरही न वापरता चिकटतात. पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर ठीक, अशी गाडी आली तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरणं आणि इंजेक्टर साफ करणं, इथून सुरुवात करावी. रोज पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवलं तर ही पाळी सहसा येत नाही.

चोरटी हवा

थ्रॉटल बॉडीच्या पुढे मॅनिफोल्डला जाणारे रबरी पाइप उष्णतेने कडक होऊन तडकतात. तिथून न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. पाइप वाकवून बघितला की चीर दिसते, कान लावला तर सूं असा आवाज येतो. काही जण क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात. तापलेल्या इंजिनावर, तेही सीटखाली, हे धोक्याचं आहे. धूर सोडून तपासणारं यंत्र ज्या गॅरेजमध्ये असेल तिथे जावं.

शेवटची चाचणी: कॉम्प्रेशन

ठिणगी, इंधन, हवा ठीक, तरी सिलिंडर गप्पच, तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन तापवून हात लावता येईल इतकं निवू दिलेलं, सगळे प्लग काढलेले, इंजेक्टर आणि कॉइल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय दाब दिसतो, पण एका आकड्यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर १७० आणि चौथा ९०, तर प्लगचा विषय संपला. चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट गेली. नुसता व्हॉल्व्ह असेल तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह करून घेणं परवडतं. रिंग गेल्या असतील तर हेडवर खर्च करण्याआधी पूर्ण इंजिनाचा हिशेब मांडावा. नव्या हेडखाली जुन्या रिंग आणखी तेल खाऊ लागतात, हे पुष्कळांनी अनुभवलं आहे.

तोवर गाडी चालवावी का

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर माल उतरवून गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळून मार्ग बंद होतो, आणि प्लगच्या किमतीच्या दुरुस्तीवर कन्व्हर्टरचा बोजा चढतो. शिवाय तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बरेच दिवस मिसिंगवर चाललेल्या गाडीची डिपस्टिक हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलल्याशिवाय कामावर नेऊ नका.

दुरुस्ती झाली की कोड पुसून गाडी नेहमीच्या मालासह, नेहमीच्या चढावर चालवा, पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही, आणि मग पुन्हा स्कॅनर लावा. गॅरेजसमोर रिकाम्या गाडीत आलेला गोड आवाज पुरेसा नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, टॅपेटची फट आणि त्या दिवशीचे किलोमीटर डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मेकॅनिकने तिसरा सिलिंडर १४० दाखवतोय असं सांगितलं, तर तो वर्षभरापूर्वी १६५ होता की १४२, हे त्या वहीत सापडेल.