दहशतवादविरोधी धोरण कसं तपासायचं?

ब्रिटनचं ‘कॉन्टेस्ट’ धोरण २००३ मध्ये आखलं गेलं आणि २००६ मध्ये जाहीर झालं. सुधारित आवृत्ती २०२३ ची. त्याचे चार भाग आणि त्यांची कसोटी:

● पाठलाग (परस्यू): कट उधळणं, संशयितांवर खटले चालवणं. अटक आणि शिक्षा मोजता येतात, म्हणून हा भाग तपासायला त्यातल्या त्यात सोपा.

● प्रतिबंध (प्रिव्हेंट): लोकांना हिंसक विचारांकडे वळण्याआधीच रोखणं. २०१५ च्या कायद्यानं शाळा, रुग्णालयं आणि स्थानिक प्रशासनावर ही जबाबदारी टाकली. साउथपोर्टमध्ये २०२४ साली तीन मुलींचा खून करणाऱ्या तरुणाचं नाव आधी तीनदा या यंत्रणेकडे आलं होतं. त्याची ठोस विचारसरणी दिसत नाही यावर अवाजवी भर दिला गेला आणि प्रकरण घाईनं बंद झालं, असा निष्कर्ष नंतरच्या तपासणीत निघाला.

● संरक्षण (प्रोटेक्ट): गर्दीच्या जागा सुरक्षित करणं. मँचेस्टर अरीनातल्या २०१७ च्या स्फोटात २२ जणांचा बळी गेला. त्यातून २०२५ मध्ये अशा जागांच्या सुरक्षेसाठी ‘मार्टिन्स लॉ’ हा कायदा मंजूर झाला.

● सज्जता (प्रिपेअर): हल्ल्यानंतरची मदत. मँचेस्टरला अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

हल्ला झाला नाही, एवढ्यावरून धोरण यशस्वी ठरत नाही. धोक्याची सूचना कोणाकडे आली, त्यानं काय केलं आणि चौकशीच्या शिफारशी किती अमलात आल्या, हे स्वतंत्रपणे तपासून जनतेपुढे मांडलंच पाहिजे.