दार उचलून का लावावे लागते?

पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे गाव तुम्ही पाहिले नसले, तरी त्याचे नाव नक्कीच ऐकले असेल. कोळी बांधवांचे हे बंदर पापलेटासाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली महाराष्ट्राने याच पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. बोटी किनाऱ्याला लागल्या की मासळी बर्फात भरतात आणि टेम्पो व व्हॅन पालघरकडे आणि तेथून मुंबईकडे धावू लागतात.

अशी एखादी जुनी व्हॅन निघताना नीट लक्ष द्या. नव्या गाडीचे दार 'खट्' असा एकच आवाज करून बसते. जुन्या गाडीचा ड्रायव्हर मात्र दार आधी किंचित वर उचलतो आणि मगच जोराने ओढतो. उचलले नाही, तर ते चौकटीवर आपटून परत येते. गाडीचे इंजिन ठणठणीत, चाके ठणठणीत. मग दारालाच काय झाले? दोष दारात नसतो, तो असतो बिजागरीत. तळहाताएवढ्या या वस्तूत भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा दडलेला आहे.

बिजागरीची रचना

बिजागरीला दोन पाने असतात. एक गाडीच्या खांबाला आणि दुसरे दाराला बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडतात. पानांच्या कडांना नळ्या असतात आणि त्यांतून एक पोलादी पिन जाते. पिन आणि नळी यांच्यामध्ये पुष्कळदा पितळेचे पातळ कडे असते. त्याला बुश म्हणतात. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्त बुशाची व्हावी, महागड्या पानाची होऊ नये, अशी ही योजना आहे.

ही युक्ती माणसाने फार पूर्वी शोधली. शिडाच्या होडीचे सुकाणू मागच्या बाजूला अशाच खिळीवर आणि कडीवर टांगलेले असते. निसर्गाने तर ती त्याआधीच वापरली आहे. सातपाटीच्या किनाऱ्यावर शिंपले सापडतात, त्यांच्या दोन शकलांना जोडणारा लवचीक बंध म्हणजे बिजागरीच होय.

एक छोटेसे गणित

आता दाराचे वजन बिजागऱ्या कसे पेलतात ते पाहू. समजा, व्हॅनचे पुढचे दार २० किलोग्रॅम वजनाचे आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे. त्याचा गुरुत्वमध्य साधारण मधोमध, म्हणजे बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर येईल. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात ४० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू.

दार खाली फिरू पाहते. हा फिरवण्याचा जोर, म्हणजेच आघूर्ण, २० गुणिले ४५ बरोबर ९०० होतो. तो अडवण्यासाठी वरची बिजागरी दाराला खांबाकडे ओढून धरते आणि खालची त्याला बाहेर रेटते. ९०० ला ४० ने भागले की साडेबावीस येतात. म्हणजे प्रत्येक बिजागरीवर साडेबावीस किलोग्रॅम वजनाइतका आडवा ताण सतत असतो. गाडी खड्ड्यातून गेली की तो आणखी वाढतो.

आता ४० किलोग्रॅम वजनाचा एखादा मुलगा उघड्या दाराच्या टोकाला लोंबकळला, तर काय होईल? ४० गुणिले ९० बरोबर ३६००. त्याला ४० ने भागले की ९०. दाराचे स्वतःचे साडेबावीस मिळवले तर झाले साडेएकशेबारा. म्हणजे मूळ ताणाच्या बरोबर पाचपट! "दाराला लटकू नका," असे ड्रायव्हरकाका ओरडतात ते उगीच नव्हे.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. बिजागऱ्यांमध्ये मिळून २ मिलिमीटर झीज झाली, तर दाराचे मोकळे टोक किती खाली येईल? २ गुणिले ९० भागिले ४०, म्हणजे साडेचार मिलिमीटर. तरफ जशी बल वाढवते, तशी ती इथे दोषही वाढवते. तुमच्या घराच्या दाराची रुंदी ७५ आणि बिजागऱ्यांमधील अंतर १५० सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच झिजेने ते फक्त १ मिलिमीटर खाली येईल. गाडीचे दार घराच्या दारापेक्षा लवकर का लोंबते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

खाऱ्या हवेचा मारा

झीज सगळीकडेच होते, पण समुद्रकाठी ती वेगाने होते. खाऱ्या हवेतील मिठाचे कण लोखंडावर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि गंजण्याची क्रिया जलद करतात. मासळीच्या गाडीत आणखी एक भर पडते. बर्फाचे वितळलेले खारट पाणी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर ठिबकत राहते. पोलाद आणि पितळ हे दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांचा जणू एक छोटासा विद्युत्‌घटच तयार होतो, आणि त्यात पोलाद आधी झिजते. शिवाय गंजाचे कण कठीण असतात. पिन फिरली की ते कानशीसारखे घासतात. यावर उपाय साधा आहे: बिजागरी गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि तिला ग्रीस द्यावे. ग्रीस घर्षण कमी करते आणि खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही.

दोष ओळखावा कसा?

दार खाली आले की अनेकजण चौकटीवरचा आकडा, ज्यात कुलपाचा खटका अडकतो, तो खाली सरकवतात. दार तेवढ्यापुरते लागते, पण झीज चालूच राहते. चांगला मिस्त्री आधी निदान करतो.

दार बंद करून तो भोवतालची फट पाहतो. फट सगळीकडे सारखी हवी. वरच्या बिजागरीजवळ ती रुंद आणि दाराच्या मोकळ्या टोकाच्या खालच्या कोपऱ्यात अरुंद दिसली, तर दार लोंबले आहे. मग तो दार अर्धे उघडतो, मोकळे टोक दोन्ही हातांनी वर-खाली करतो आणि दुसऱ्या कुणाला बिजागरीकडे पाहायला सांगतो. पिन नळीत हलली, तर पिन आणि बुश झिजले आहेत. पान खांबावर हलले, तर बोल्ट सैल आहेत किंवा खांबाचा पत्रा गंजून फाटला आहे. काहीच हलले नाही, तर मात्र दोष आकड्याचा आहे. लक्षण एकच, पण कारणे तीन, आणि उपायही तीन!

बिजागरी बदलताना

हे काम जाणत्या माणसाचेच आहे, कारण वीस किलोचे दार पायावर पडले तर मोठी इजा होते. मिस्त्री दाराखाली जॅक लावतो आणि त्यावर गोणपाट गुंडाळलेला लाकडी ठोकळा ठेवतो. जुन्या पानाभोवती खुणेची रेघ ओढतो, म्हणजे नवे पान कुठे बसवायचे ते कळते. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून काही वेळ थांबतो. एका वेळी एकच बिजागरी काढतो. दुसरी दार धरून ठेवते. पाने वेल्डिंगची असतील, तर केवळ पिन आणि बुश बदलतो. बोल्ट आधी हलकेच आवळून, फट पाहून मगच पक्के करतो. आकड्याला हात लावतो तो सर्वांत शेवटी.

एवढा खटाटोप कशासाठी? खटक्याला दोन टप्पे असतात. लोंबलेले दार अनेकदा पहिल्याच टप्प्यात अडकते. बाहेरून ते बंद दिसते, पण पुरते बंद नसते. मनोरजवळ गाडी मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागते. तिथे वेगाने वळण घेताना आतला माणूस दारावर रेलला आणि दार उघडले तर? मागच्या दाराचेही तसेच. ते नीट बसले नाही तर गरम हवा आत शिरते, बर्फ वितळतो आणि रात्रभर समुद्रावर राबून आणलेली मासळी वाटेतच खराब होते.

आता तुम्ही एक प्रयोग करा. घरातील दाराची रुंदी मोजा आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या बिजागरीतील अंतर मोजा. रुंदीला त्या अंतराने भागा. मग वडीलधाऱ्यांना विचारून एखाद्या उभ्या गाडीच्या दाराचे तेच माप घ्या. दोन्ही उत्तरे वहीत शेजारी-शेजारी लिहा. कोणत्या दाराला अधिक जपायला हवे, ते तुमची वहीच तुम्हाला सांगेल.