जेवणघरातील दिवा

घर बांधताना आपण पुष्कळ गोष्टींचा विचार करतो. दाराची चौकट कोणत्या लाकडाची, देवघर कोणत्या दिशेला, ओसरीला कोणती फरशी, यावर घरात चार-चार दिवस चर्चा चालते. दिव्यांची वेळ आली, की वायरमन विचारतो, "पॉइंट कुठं कुठं काढायचे?" आणि आपण सांगून मोकळे होतो, "एकेका खोलीत एकेक, मधोमध." पुढे बैठकीच्या खोलीत सर्वांत चांगला दिवा लागतो, कारण तिथे पाहुणा बसतो, तिथे टीव्ही असतो. स्वयंपाकघराच्या वाट्याला उरलासुरला, फोडणीचा धूर बसून काळवंडलेला दिवा येतो. आणि आपल्यापैकी बहुतेक जण रात्री जेवतात ते स्वयंपाकघरातच, नाही तर त्याला लागून असलेल्या माजघरात!

जेवणाच्या जागेतला दिवा शोभिवंत असावा, ही इच्छा चांगलीच आहे. आज तालुक्याच्या बाजारातही टांगते दिवे, काचेची झुंबरे, रंगीत पट्ट्या हवे तेवढे मिळतात. परंतु दिव्याची शोभा त्याच्या आकारात थोडी आणि त्याचा उजेड कुठे पडतो यात फार असते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर थोड्या पैशांत जेवणघर सुंदर दिसते. ते विसरले, तर हजारो रुपयांच्या झुंबराखाली बसूनही भातातला खडा दिसत नाही, आणि मासळीचा काटा घशात गेल्यावरच कळतो.

आपल्या जुन्या माणसांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. पंगत बसली, की पानांच्या ओळीलगत समया ठेवीत. माजघरात पितळी लामणदिवा साखळीने टांगलेला असे. तेलवातीचा उजेड मुळात थोडा; तेव्हा दिवाच माणसाजवळ आणावा लागे. वीज आली, उजेड पुष्कळ झाला, आणि दिवा मात्र आढ्याला जाऊन बसला. उजेड भरपूर आहे म्हटल्यावर तो जवळ आणण्याची सवय आपण सोडून दिली.

दिवा दूर गेल्याने किती फरक पडतो? इथे थोडे गणित करू. अंतर दुप्पट झाले, की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. अंतर तिप्पट झाले, की नववा हिस्सा. समजा, छत दहा फुटांवर आहे आणि दिवा छताला चिकटलेला आहे. जेवणाचे टेबल साधारण अडीच फूट उंच असते. म्हणजे दिव्यापासून ताट साडेसात फुटांवर. तोच दिवा वायर व साखळी वाढवून टेबलापासून अडीच फुटांवर आणला, तर अंतर तिसऱ्या हिश्श्यावर आले आणि दिव्यातून ताटावर थेट पडणारा उजेड नऊपट झाला! वीज एका पैशाचीही जास्त जळली नाही. टेबलावर असा टांगलेला ५ वॉटचा एलईडी दिवा छतावरच्या ९ वॉटच्या दिव्यापेक्षा ताट अधिक उजळतो, तो यामुळेच.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. एका पांढऱ्या कागदावर गोडेतेलाचा एक ठिपका पाडा. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरा. एका बाजूस एक फुटावर एक मेणबत्ती, दुसऱ्या बाजूस दोन फुटांवर तशाच चार मेणबत्त्या एकमेकींजवळ लावा. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला, की तेलाचा ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो. चार मेणबत्त्या दुप्पट अंतरावरून एकीची बरोबरी करतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. मग सूत्र पाठ करावे लागत नाही. मेणबत्त्या मात्र शिक्षकांनी स्वतः हाताळाव्यात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे टेबल कुठे आहे? आम्ही पाट-चटई टाकून खाली बसतो. बरोबर आहे. टेबलावर दिवा खाली आणता येतो, कारण त्याखालून कोणी चालत नाही. खाली बसणाऱ्यांच्या पंगतीत वाढणारीला मधून फिरायचे असते. तिथे दिवा साडेसहा फुटांच्या खाली आणू नये, नाही तर डोक्याला लागेल. पण दहा फुटांवरून साडेसहा फुटांवर आला तरी थेट उजेड सव्वादोनपटीहून अधिक होतो. एवढा फायदा कशाला सोडायचा?

दुसरा मुद्दा सावलीचा. आपण भिंतीला पाठ लावून ओळीने बसतो. दिवा त्याच भिंतीवर, पाठीमागे असला, तर प्रत्येकाची सावली नेमकी त्याच्याच ताटात पडते. ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाईची गत हीच. दिवा खोलीच्या मधोमध, तिच्या पाठीशी. ती कढईत बघते ती स्वतःच्या सावलीत. तेव्हा जेवणाऱ्यांसाठी दिवा ताटांच्या ओळीच्या वर किंवा किंचित पुढे, आणि ओट्यासाठी एक लहानसा दिवा ओट्याच्या वरच असावा. छताचा पंखा दिव्याच्या खाली फिरत असेल, तर त्याच्या पात्यांच्या सावल्या ताटावर सतत नाचतात आणि डोके उठते. दिवा पंख्यापासून बाजूला घ्यावा, नाही तर पात्यांच्या खाली आणावा. शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या पंगतीलाही हाच नियम लागू आहे. मुलांना व्हरांड्यात बसवताना उजेड पाठीमागून किंवा सरळ डोळ्यांवर न येता कडेने येईल, असे बसवावे.

तिसरा मुद्दा डोळे दिपण्याचा. उघडा बल्ब डोळ्यांसमोर आला, की बाहुली आक्रसते, आणि उजेड असूनही समोरचे नीट दिसत नाही. स्टीलच्या ताटात तर त्या बल्बचे प्रतिबिंब पडून डोळ्यांत टोचते. मोतीबिंदू होऊ लागलेल्या माणसाला हा त्रास अधिकच होतो.

हाच प्रश्न एका परदेशी माणसाने आयुष्यभर सोडवला. डेन्मार्कचे पाउल हेनिंगसेन (१८९४–१९६७) लहानपणी रॉकेलच्या दिव्यांच्या मवाळ उजेडात वाढले. विजेचा उघडा दिवा त्यांच्या डोळ्यांना खुपू लागला. १९२५ च्या सुमारास त्यांनी एकावर एक अशा तीन छत्र्या असलेला दिवा तयार केला. त्या छत्र्यांचे बाक असे मोजून काढलेले, की उजेड त्यांच्यावर आपटून खाली व बाजूला मऊपणे पसरतो, पण आतला बल्ब दिसत नाही. १९५८ साली त्यांनी याच तत्त्वावर जेवणाच्या टेबलावर टांगण्याचा 'पीएच ५' हा दिवा काढला. त्याची मोठी छत्री ५० सेंटिमीटर व्यासाची, म्हणून नावात ५. तो दिवा आजही जगभर विकला जातो आणि शोभेचा नमुना म्हणून नावाजला जातो. पण ध्यानात घ्या, त्याचा सुंदर आकार हा शोभेसाठी आधी काढून मग त्यात बल्ब बसवलेला नाही. डोळ्यांना त्रास होऊ नये या गरजेतून तो आकार निघाला.

हे तत्त्व आपल्या गावातही वापरता येते. बुरुडाकडून एक खोलगट परडी विणून घ्या, आतून पांढरी रंगवा, आणि उपडी टांगून तिच्यात एलईडी दिवा बसवा. तांब्या-पितळेची जुनी वाटोळी भांडी असतील, तर तांबटाकडून भोक पाडून त्यांचीही छत्री होते. परडी वर थोडी मोकळी ठेवावी, कारण एलईडी दिव्याच्या मानेशी ऊब साठली, तर तो लवकर बिघडतो. जुना तारेचा बल्ब मात्र परडीत कधीही लावू नये; तो फार तापतो आणि बांबू पेट घेऊ शकतो. छत्री पुरेशी खोल आहे का, हे पाहण्यासाठी जेवायला बसतो तिथे बसावे आणि वर पाहावे. बल्ब स्वतः दिसला, तर छत्री उथळ आहे.

चौथा मुद्दा रंगाचा. दिव्याच्या खोक्यावर '२७०० के', '४००० के', '६५०० के' असे आकडे असतात. आकडा लहान तितका उजेड पिवळसर, समईच्या जवळचा. मोठा तितका पांढरा-निळसर. दुकानदार बहुधा ६५०० चा दिवा हातात ठेवतो, कारण तो दिसायला झगझगीत. जेवणघरासाठी २७०० ते ३००० चा मागून घ्यावा. वरणाचा पिवळा, ठेच्याचा लाल रंग त्यात खुलतो, आणि समोर बसलेल्यांचे चेहरेही आजारी दिसत नाहीत. त्याच खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा असतो. तो ८० किंवा अधिक असला, की वस्तूंचे रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. भाजी शिळी की ताजी, हे रंगावरूनच तर कळते! पावसाळ्यात आणखी एक लाभ. किडे-पाखरे निळसर उजेडाकडे अधिक धावतात, पिवळसर एलईडीकडे कमी. अजिबात येत नाहीत असे नाही. त्यासाठी खिडकीला जाळी हवीच, आणि जेवणापूर्वी अंगणातला दिवा लावून ठेवला, तर बरीच पाखरे बाहेरच राहतात.

पाचवा मुद्दा वयाचा. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळसर पडते. विशीतल्या तरुणाच्या मानाने साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. सून म्हणते, "एवढा तर लख्ख उजेड आहे!" आणि सासूबाईंना ताटातले लिंबाचे बी दिसत नाही. दोघींचेही खरे असते. आजी-आजोबांची जागा दिव्याच्या सर्वांत जवळ असावी. एकाच मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे घेतले, एक पानांवर आणि एक भिंतीकडे तोंड करून, तर आणखी चांगले. पांढरा चुना दिलेली भिंत अंगावर पडलेला बराच उजेड खोलीत परत पाठवते. धुराने काळी झालेली भिंत तो गिळून टाकते. ताटावर लख्ख आणि भोवती काळोख असे झाले, तर वाढणारी ठेचकाळते.

खर्चाचे म्हणाल, तर जुना ६० वॉटचा बल्ब रोज दोन तास लावला, तर महिन्याला ३.६ युनिट वीज जळते. ५ वॉटचे दोन एलईडी तेवढाच वेळ लावले, तर ०.६ युनिट. निळा प्रकाश देणारे एलईडी शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढऱ्या उजेडाचे हे स्वस्त दिवे आपल्या घरात आले.

आता सावधगिरी. वायर ही वीज वाहण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. दिव्याचे वजन साखळीने व हुकाने पेलले पाहिजे. दिव्याची छत्री धातूची असेल, तर तिला अर्थिंग जोडून घ्यावे. मोरीतून हात धुऊन येताना ओल्या हाताने बटण दाबू नये. बटणे मोरीपासून लांबच काढून घ्यावीत. काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यावे, आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घराला बसवून घ्यावे. आठशे रुपयांचा दिवा घेणाऱ्याने याला खर्च म्हणू नये.

शेवटची गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. आपल्या पुष्कळ घरांत पुरुषांची व मुलांची पंगत आधी होते. मग बाहेरचे दिवे, टीव्ही, गप्पा सुरू होतात. आणि घरातली बाई सर्वांच्या मागून, चुलीपाशी किंवा ओट्याच्या कोपऱ्यात बसून, मिळेल त्या उजेडात जेवते. कधी वीज वाचवावी म्हणून तीच मधला दिवा मालवते. धान्य निवडणारी ती, खडा काढणारी ती, आणि खडा दाताखाली येण्याची वेळही तिच्यावरच! म्हणून दिव्याची जागा ठरवताना फक्त पहिल्या पंगतीकडे पाहू नका. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, ते कुठे बसते, आणि त्याच्या ताटात उजेड किती पडतो, हे आज रात्री त्या जागी स्वतः बसून बघा. तिथून ताट स्वच्छ दिसले, बल्ब डोळ्यांत टोचला नाही आणि स्वतःची सावली आड आली नाही, तर तुमच्या जेवणघराचा दिवा योग्य ठिकाणी आहे. मग त्यावर परडी टांगा, पितळी छत्री टांगा, नाही तर काचेचे झुंबर. ते शोभेलच.